चौथ्या मजल्यापासून रिक्षापर्यंत

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. नेरुळच्या सेक्टर सहामध्ये सिडकोनं चार मजले बांधले आणि जिन्यावर भागवलं, हे माझ्यावर मोठे उपकार आहेत. मी राहते पहिल्या मजल्यावर. दार जिन्याच्या अगदी तोंडाशी, आणि दूधवाला येऊन गेला की ते उघडं ते दिवेलागणीपर्यंत उघडंच. खाली दुकानं, वर आम्ही. चौथ्या मजल्यावरचं माणूस काही उडत जात नाही, त्याला माझ्यासमोरूनच जावं लागतं. कोणाची पिशवी जाताना सपाट होती आणि येताना फुगलेली, कोणाच्या घरी पाहुणे आले आणि दुसऱ्याच दिवशी तोंड पाडून का गेले, हे लोक मला येऊन विचारतात. सोसायटीचा कॅमेरा बंद पडून दीड वर्ष झालं. सेक्रेटरी निखिल म्हणतो, "अमिताकाकू आहेत तोवर कॅमेऱ्याची गरज काय?" तो टोमणा होता की कौतुक, हे मी त्याला विचारलं नाही. कौतुकच असणार.

चौथ्या मजल्यावर हौसेराव राहतात. मूळचे साताऱ्याकडचे, कोरेगाव तालुक्यातले. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये तेहेतीस वर्षं माथाडी. वय सत्तावन्न, मान आखूड, खांदे एवढे रुंद की जिन्यात समोरून आले तर आपण आपोआप तिरके होतो. लग्नाला जाताना इस्त्रीचा शर्ट घालतात, अत्तर लावतात, तरी आधी कांदा येतो, मागून अत्तर येतं, आणि सगळ्यांत शेवटी राहीबाई येतात. राहीबाई म्हणजे त्यांची बायको. एकच मुलगी, राजेश्वरी, वय चोवीस.

राजेश्वरीला डिप्रेशन आहे. आठ वर्षं झाली. अकरावीत असताना सुरू झालं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला अभ्यासाचं टेन्शन ठरवलं. मग नजर ठरवली, मग मोबाइल ठरवला. मध्ये दीड वर्ष चांगलं गेलं. महापेला एका कंपनीत लागली, सकाळी साडेसातला टकटक बूट वाजवत उतरायची. मग परत खाली बसलं. असं तीनदा झालंय. गोळ्या चालू असतात, बेलापूरला एक डॉक्टरीणबाई आहेत, मानसोपचाराच्या, त्यांच्याकडे दर तीन आठवड्यांनी जायचं असतं.

पहिल्यांदा गेले तेव्हाचा किस्सा हौसेरावांनी स्वतःच मला सांगितला होता. डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास समजावलं. हौसेरावांनी मांडीवर हात ठेवून सगळं ऐकलं आणि शेवटी विचारलं, "ते समदं बरोबर हाय. पन हे उतरवायचं कोनत्या गाळ्याला?"

डॉक्टरीणबाईंना कळेना. हौसेरावांच्या हिशेबी जगातलं प्रत्येक ओझं कुठल्या तरी गाळ्यापाशी उतरतं. अंतर लांब असेल, गाळा लांब असेल, पण असतो. बाई म्हणाल्या, "काका, हे असं एकदाच उतरवून टाकायचं नसतं. कमी होतं, वाढतं, सांभाळत राहायचं. डायबेटिससारखं समजा."

बाकी काही घरापर्यंत पोचलं नाही, डायबेटिस मात्र पोचला. हौसेरावांनी राहीबाईंना सांगितलं, राहीबाईंनी दुसऱ्या मजल्यावरच्या चारुलताबाईंना सांगितलं, त्या निवृत्त शिक्षिका, त्यांनी त्याच संध्याकाळी सगळ्या बिल्डिंगला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून चौथ्या मजल्यावर कारल्याचा रस जायला लागला. दोन महिने जात होता. मीही पाठवला, खोटं कशाला बोलू. राजेश्वरी तो पीत नव्हती, पण लोकांनी प्रेमानं दिलेलं ओतायचं कसं, म्हणून हौसेराव तीन-तीन पेले पिऊन मग बाजाराला जायचे. एकदा गाळ्यावर चक्कर आली त्यांना. तिथल्या डॉक्टरनं साखर तपासली तर पार तळाला. म्हणजे आजार तिला आणि आमचा सगळा इलाज बापाला, असा कारभार ते दोन महिने चालला.

खरी गोष्ट त्यानंतरची, मागच्या उन्हाळ्यातली. त्यात माझाही हात आहे. हात म्हणजे तोंड.

चौथ्या मजल्यापासून रस्त्यापर्यंत अडुसष्ट पायऱ्या आणि वाटेत सात दारं. राजेश्वरी डॉक्टरकडे निघाली की ही सात दारं उघडायची. शेजारच्या: "आज चेहरा बरा दिसतोय हं." तिसऱ्यावर निखिल, त्याला व्यायामाचं वेड: "प्रोटीन घेतेस का? सगळा खेळ प्रोटीनचा असतो." दुसऱ्यावर चारुलताबाई: "पहाटे उठून पंधरा मिनिटं सूर्याकडे बघत जा बाळा. आमच्या शाळेतल्या एका शिपायाला फार फरक पडला." आणि शेवटी पहिल्या मजल्यावर मी. मी फार नाही, दोनच गोष्टी विचारायचे. "किती गं वाळलीस?" आणि "मग लग्नाचं काय म्हणतायत घरचे?" अडुसष्ट पायऱ्या उतरायला तिला पंचवीस मिनिटं लागायची. खाली पोचेपर्यंत तिचा चेहरा असा व्हायचा, की डॉक्टरीणबाईंना वाटायचं औषध लागू पडत नाही.

मग तिनं उतरणंच सोडलं. एक तारीख चुकली. दुसरी चुकली. तिसऱ्या वेळी बाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं, न बघता आता पुढची चिठ्ठी देणार नाही, बीपी घ्यायचंय, वजन घ्यायचंय, समोर बसवून बोलायचंय. बुधवारी अकरा वाजता घेऊन या. घरातल्या गोळ्या गुरुवारपर्यंत पुरतील एवढ्या होत्या.

हे साधं वाटेल, पण दोन वर्षांपूर्वी गोळ्या अशाच मध्ये सुटल्या होत्या. तेव्हा राजेश्वरी एकोणीस दिवस अंथरुणातून उठली नव्हती. आणि हौसेराव एकोणीस दिवस बाजाराला गेले नव्हते. तिच्या खोलीच्या दाराशी सतरंजी टाकून बसले होते, कारण आतून आवाज आला नाही तर काय, आणि आवाज आला तर काय, हे त्यांना दोन्ही सहन होत नव्हतं. त्या एकोणीस दिवसांत जिन्यात कोणी हसलं तरी आपल्याला चोरी केल्यासारखं वाटायचं.

तर हौसेरावांनी पोरीला विचारलं, येतीस का. ती म्हणाली, "अण्णा, गोळ्यांना माझी ना नाही. डॉक्टरांनाही ना नाही. जिन्याला आहे."

हे मला राहीबाईंनी सांगितलं, कोथिंबीर मागायला आल्या तेव्हा. मी म्हटलं, "अगंबाई, जिन्यात एवढं काय आहे?" राहीबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग कोथिंबीर घेऊन गेल्या.

हौसेरावांनी पहिला उपाय काढला तो शुक्रवारी. घरोघर जाऊन हात जोडून सांगितलं, बुधवारी सव्वादहा ते साडेदहा तेवढी दारं लावून घ्या. सगळे हो म्हणाले. मग त्यांनी राहीबाईंना खाली-वर चालवून चाचणी घेतली. दारं लागली होती खरी, पण प्रत्येक दाराच्या भिंगाला एकेक डोळा. राहीबाई चौथ्यावर परत गेल्या आणि म्हणाल्या, "आवं, ह्याच्यापरीस दारं उघडी असल्याली बरी. निदान तोंडं तरी दिसत्यात."

दुसरा उपाय त्यांना शनिवारी दुपारी बाजारात सुचला. घरी येऊन पोरीसमोर बसले.

"राजे, एक सांगू का? गोनीला कुनी काय इचारत न्हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे तू गोनीत बसायचं. म्या पाठीवर घिऊन सरळ खाली. पन्नास किलो म्या झोपंत बी उतरवतो."

राहीबाईंनी कपाळाला हात लावला. राजेश्वरी म्हणाली, "अण्णा, मी बावन्न आहे."

हौसेराव त्यावर खरोखर विचार करत होते, असं राहीबाई सांगतात. दोन किलोनं त्यांना अडलं नसतं. पण पोरीनं तोंड भिंतीकडे केलं तेव्हा तो विषय मिटला.

रविवारी सकाळी ते माझ्या दाराशी आले आणि मला म्हणाले, "अमितावैनी, आमच्या मार्केटात एक रीत हाय."

रीत अशी. माथाड्याच्या पाठीवर माल असला की तो "बाजू" म्हणून हाक देतो. हाक ऐकली की व्यापारी असो, गिऱ्हाईक असो, समोरच्यानं पाठ भिंतीला लावायची आणि वाट द्यायची. आणि त्याला बोलायचं नाही. कितीही ओळखीचा असला तरी नाही. राम राम नाही, जड आहे का नाही, कुठं निघालास नाही. बोललं की त्याला उत्तर द्यावं लागतं, उत्तर देताना दम सुटतो आणि दम सुटला की माल डोक्यावर.

"आनि बघायचं पायाकडं," हौसेराव म्हणाले. "तोंडाकडं न्हाय."

"का?"

"वझ्याखाली तोंड वाकडं झाल्यालं असतं. आपलं वाकडं तोंड कुनी बघितल्यालं कुनाला आवडंल?"

मी म्हटलं, "पण राजेश्वरीच्या पाठीवर गोण कुठे असते?"

"तुमाला दिसत न्हाय म्हनून तर शिकवाय आलोय," ते म्हणाले.

आणि त्याच संध्याकाळपासून आमच्या बिल्डिंगमध्ये शिकवणी सुरू झाली. हौसेरावांनी मार्केटमधून पन्नास किलोची कांद्याची गोण आणली. खऱ्या मालाशिवाय माणसं शिकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. पाठीवर गोण, कपाळावर घामाचं फडकं, आणि चौथ्या मजल्यावरून हाक: "बाजू."

नियम एकच. वाटेत कोणी बोललं, की हौसेराव काही न म्हणता वळायचे, गोणीसकट परत चौथ्यावर जायचे आणि पहिल्यापासून सुरू करायचे.

पहिल्या दिवशी ते दुसऱ्या मजल्याच्या खाली पोचलेच नाहीत. निखिल म्हणाला, "काका, पाठ सरळ ठेवा, मणक्याला डेंजर असतं." परत वर. मग निखिल म्हणाला, "सॉरी काका." परत वर. तिसऱ्या फेरीला दुसऱ्या मजल्यावर चारुलताबाई भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या, पण त्यांना राहवेना.

"हौसेराव, मला हे पटत नाही. चौकशी करणं ही माणुसकी आहे."

हौसेराव थांबले. गोण पाठीवरच. "आसंल. वझं खाली उतारल्यावर करा."

"पण डॉक्टर तर म्हणतात ते उतरणारच नाही."

"मग करूच नगा," असं म्हणून ते वळले आणि वर गेले.

सोमवारी दुसऱ्या मजल्यापर्यंत यश आलं. चारुलताबाई हाक ऐकताच भिंतीला अशा चिकटल्या की भिंतीचा चुना दोन दिवस साडीला होता. मग पहिला मजला. मी. मी अगदी तयारीत उभी होते, पण हौसेराव समोर आले आणि त्यांचा उजवा गुडघा असा काही कटकन वाजला, की माझ्या तोंडून निघून गेलं, "अगो बाई, गुडघ्याला दाखवलंत का?"

परत वर. पुन्हा खाली आले. या वेळी मी ओठ घट्ट मिटले होते, पण आमच्या मुलाचा, धनेशचा, कंपनीतून फोन आला. मी कुजबुजले, "नंतर करते, हौसेराव येतायत." हौसेरावांनी क्षणभर विचार केला, हे बोलण्यात धरायचं की नाही. धरलं. वर गेले.

त्या संध्याकाळी माझ्यामुळे ते चार वेळा परत गेले. चौथ्या वेळी जिन्याच्या वळणापाशी पोचले तेव्हा वरून राजेश्वरीचा आवाज आला. कित्येक आठवड्यांत मी तिचा आवाज ऐकला नव्हता. म्हणाली, "अण्णा, सोडा. अमिताकाकूंना नाही जमणार."

एवढंच. चिडून नाही, टोमणा मारूनही नाही. पाऊस येणार नाही म्हणून छत्री नको, असं सांगावं तसं. मी दार लावून घेतलं. भर संध्याकाळी माझं दार लागलेलं बघून दुकानदार विचारायला वर आला, सगळं ठीक ना.

मंगळवारी हौसेराव आले नाहीत. गुडघा सुजला होता. गोण जिन्याच्या वळणावर ठेवून गेले होते आणि अर्धी बिल्डिंग येता-जाता तिलाच वाट देत होती.

बुधवार उजाडला. मी काय केलं, तर सव्वादहाला तोंडात पाणी धरलं. भरपूर. दोन्ही गाल फुगवून दारात उभी राहिले. हे पाणी रिक्षा सुटेपर्यंत गिळायचं नाही, असं ठरवलं. पाण्यानं भरलेल्या तोंडातून कोणालाही लग्नाचं विचारता येत नाही, मी आदल्या रात्री आरशासमोर करून बघितलं होतं.

वरून हाक आली. "बाजू." तिसऱ्यावर दोन पावलं मागे सरकल्याचा आवाज. बाकी जिना गप्प. आमच्या जिन्यात एवढी शांतता मी बावीस वर्षांत ऐकली नाही.

आणि नेमकी तेव्हाच खालून गंगू आली.

गंगू दिवाळे गावची कोळीण. खाडीवरून ताजी मासळी घेऊन बुधवारी आमच्याकडे येते. चारुलताबाई तिच्याकडून बोंबील घेतात, हे त्यांच्या माहेरी ठाऊक नाही. गंगूला कसली शिकवणी आणि कसला नियम. डोक्यावर भरलेली पाटी घेऊन ती माझ्यासमोर आली. तिला खालीच थांबवायचं होतं, पण तोंडात पाणी. मी दोन्ही हात हलवले, मान हलवली, उं-उं केलं.

"दात दुखतंय काय गो?" गंगू म्हणाली. "लवंग ठेव." आणि पुढे चढायला लागली.

पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, त्या कांद्याच्या गोणीपाशी, दोघं समोरासमोर आले. वरून हौसेराव, त्यांच्या मागे भिंतीला धरून राजेश्वरी. खालून गंगू.

"बाजू," हौसेराव म्हणाले.

"तू बाजू व्हय. पाटी हाय माजे डोक्यावं."

हौसेराव अडकले. तेहेतीस वर्षांत त्यांना हा पेच आला नव्हता. भरलेल्या माणसाला रिकाम्यानं वाट द्यायची हे पक्कं, पण दोन भरलेले समोरासमोर आले तर काय, हे मार्केटमध्ये कुणी ठरवलेलं नव्हतं, कारण तिथे रस्ते रुंद आहेत.

गंगूनं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुज्या डोक्यावर काय हाय? काय नाय. मंग तूच सरक."

"माझ्या न्हाय. मागं हाय."

गंगूनं मान तिरकी करून मागे बघितलं. "ती पोर? तिचे डोक्यावं पन काय नाय."

वर दोन दारं होती, त्यांच्यामागे चार-पाच जणं, आणि खाली मी. आठ वर्षं आम्ही सगळ्यांनी हेच मनात म्हटलं होतं, फक्त वर सूर्य, प्रोटीन, लग्न असलं काही तरी घालून. असं उघडं कोणी बोललं नव्हतं. हौसेरावांची आखूड मान आणखी आत गेली. त्यांनी शिकवणीत सगळं शिकवलं होतं, हे शिकवलं नव्हतं.

मागून राजेश्वरी म्हणाली, "आहे मावशी. थांबा, तुमची आधी उतरवते."

"मंग हात लाव गो, बघत काय बसलीस. मान मोरली माजी."

राजेश्वरी बापाच्या बाजूनं पुढे आली. दोघींनी मिळून पाटी खाली घेतली. गोणीवर टेकवताना तोल गेला, आणि बोंबलांचं, मांदेलीचं सगळं पाणी राजेश्वरीच्या हातांवर, ओढणीवर, कुडत्यावर. गंगू मोकळी होऊन भिंतीला टेकली आणि पदरानं मान पुसत म्हणाली, "जा आता. बघतंय कोन तुला."

पण राजेश्वरी जाईना. दोन्ही हात अंगापासून लांब धरून उभी. हातावरून पाणी ठिबकतंय. तिनं एकदा खाली बघितलं आणि एकदा वर. वर गेली तर हात धुवायला जाईल आणि मग खोलीत जाईल, हे हौसेरावांना कळलं, मला कळलं, मला वाटतं गंगूलाही कळलं. हौसेरावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांचाच नियम होता.

मी आत गेले. मोरीतून पाण्यानं भरलेली छोटी बादली आणि तांब्या आणला. गाल तसेच फुगलेले. चार पायऱ्या चढून तिच्यासमोर उभी राहिले आणि तांब्या वाकडा केला. तिनं हात पुढे धरले. मी ओतत होते, ती चोळत होती, आणि पाणी पायऱ्यांवरून खाली दुकानदाराच्या ओट्यापर्यंत गेलं. तो बघायला आला आणि पहिल्याच पायरीवर आपणहून भिंतीला लागला. साबणाची वडी माझ्या कमरेला खोचलेली होती, तीही दिली. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. माझं तोंड कसं दिसत असेल ते मी सांगत नाही. तिच्या नाकातून फुस्स असा आवाज आला. ते हसू होतं की वासानं आलेली शिंक होती, याच्यावर बिल्डिंगमध्ये अजून दोन मतं आहेत.

मग ती उतरली. हौसेराव पुढे, लंगडत. खाली मोकळ्या फुटपाथवर त्यांनी उगाच आणखी एकदा "बाजू" म्हटलं आणि रिक्षावाला रिक्षातून उतरून उभा राहिला. रिक्षा सुटली तेव्हा दहा चाळीस झाले होते. मी पाणी गिळलं. कोमट झालं होतं, जरा माशाचा वासही लागला होता.

जातानाची शिकवणी झाली होती, येतानाची कोणी घेतलीच नव्हती. दीडच्या सुमारास राजेश्वरी एकटीच वर आली. हौसेराव खाली औषधाच्या दुकानात थांबले होते. माझ्या दारासमोर येऊन ती पायरीवर बसली. दमली होती. मी उंबऱ्याच्या आत मेथी निवडत होते आणि माझ्या पोटात प्रश्नांची एवढी गर्दी झाली होती, की मेथीची पानं टाकून देठं भांड्यात पडत होती. वीस मिनिटं झाली. ती भिंतीकडे बघत होती, मी देठांकडे.

शेवटी तीच म्हणाली, "काकू, विचारा एक काही तरी. तुम्हाला त्रास होतोय."

"मला कसला त्रास," मी म्हटलं.

"विचारा."

मी लग्न बाजूला सारलं. वजन बाजूला सारलं. डॉक्टर काय म्हणाल्या हे तर हातानं ढकलून बाजूला सारावं लागलं. म्हटलं, "पाणी हवंय?"

"हवंय."

दोन ग्लास प्यायली. मग उठताना म्हणाली, "डोस वाढवलाय. पंधरा दिवसांनी बोलावलंय." हे मी विचारलं नव्हतं. आणि दुसऱ्या मजल्यावर थोडी थांबत, तिसऱ्यावर बरीच थांबत, वर गेली.

राजेश्वरी बरी झाली का, असं विचारायला माझ्याकडे अजून माणसं येतात. बरी झाली असं काही नाही. पंधरा दिवसांनी उतरली, हौसेराव पुढे, आम्ही भिंतीला. त्याच्यानंतरच्या वेळी नाही जमलं. अंघोळ करून, कपडे घालून दारापर्यंत आली आणि परत फिरली. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिच्याशी फोनवर बोलून चिठ्ठी पाठवली. एकदा ती स्वतःहून येते हे बघितल्यावर त्यांचाही नियम थोडा सैल झाला होता. तो आठवडा वाईट गेला. हौसेराव बाजाराला गेले, पण दिवसातून सहा वेळा राहीबाईंना फोन करत होते.

पण त्याच्या पुढच्या बुधवारी ती गेली. एकटी. कोणी हाक दिली नाही, कोणी भिंतीला लागलं नाही. हौसेराव वर खिडकीत उभे राहून रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. सकाळी साडेनऊला हे सगळं झालं, आणि मी तेव्हा अंघोळीला गेले होते. बावीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्या दारावरून कोणी गेलं आणि ते मला चारुलताबाईंनी येऊन सांगितलं. वर विचारतात कशा, "का हो, तुम्हाला माहीत नव्हतं?"